दोन बेल

गाडीच्या पुढच्या टोकाला जो बसतो त्याला सगळं जग ओळखतं. पुलावरून लहान मुलं त्याला हात करतात, आणि एखाद्या दिवशी गाडी वेळेवर आलीच तर लोक मनातल्या मनात त्याचे आभारही मानतात. मागच्या टोकाला जो बसतो त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बघितलंच तर दार तोंडावर बंद झालं म्हणून शिव्या घालायला. ही गोष्ट त्या मागच्या टोकाच्या माणसाची आहे.

निळ्या लाइनवर गार्ड म्हणून त्यांचा सगळा जन्म गेला. बरोबरचे लोक त्यांना कायदेबुवा म्हणत, आणि हे नाव काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. नियमांचं पुस्तक नोकरीला लागताना सगळ्यांनाच मिळतं. बाकीच्यांनी ते माळ्यावर टाकलं, यांनी पाठ केलं. डोक्यावर टोपी नसताना शिट्टी फुंकू नये असा त्यात एक नियम होता. एकदा वाऱ्यानं टोपी उडून रुळावर पडली, तर दुसरी टोपी येईपर्यंत या गृहस्थांनी गाडी हलू दिली नाही. भरल्या फलाटानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कायदेबुवा उघड्या डोक्यानं शांत उभे. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली, आणि हे मात्र विचारत राहिले की यात हसण्यासारखं काय आहे.

गार्डाचं काम म्हणाल तर सोपं. दारं उघडायची, फलाटावर नजर ठेवायची, दारं लावायची आणि बेल द्यायची. एक बेल म्हणजे थांब. दोन बेल म्हणजे मागे सगळं ठीक आहे, नीघ. तीन म्हणजे फोन उचल, बोलायचं आहे. पुढून ड्रायव्हर तितक्याच बेल परत देतो, म्हणजे त्याला कळलं. मध्ये गाडीभर माणसं, आणि दोन टोकांच्या दोन माणसांचा संसार एवढ्याशा भाषेवर चालतो. कित्येक घरांत याहून कमी बोलणं होतं आणि तरी संसार चालतात, तेव्हा यात नवल काही नाही.

आणखी एक गोष्ट. ड्रायव्हरला शहर येताना दिसतं, गार्डाला ते जाताना दिसतं. कायदेबुवांनी आयुष्यभर सगळं मागे पडताना पाहिलं. स्टेशनं, गच्च्या, वाळत घातलेले कपडे, पळत येऊन गाडी चुकलेली माणसं. अशा माणसाला घाईनं पुढचं सुचत नाही.

त्या शहरात तीन लायनी होत्या. निळी बंदरापासून वीजघरापर्यंत सरळ जायची. लाल तिला जंक्शनवर आडवी छेदायची. हिरवी दोघींना बाहेरून वळसा घालून जायची, आणि तिच्यावरच्या लोकांना बाकीचे जरा कमीच लेखायचे. कुठे राहता विचारलं की लोक रस्ता सांगत नसत, लाइन सांगत. मुलगी द्यायची तीसुद्धा शक्यतो आपल्याच लाइनवर, कारण गाडी बदलून माहेरी यायचं म्हणजे पोरगी यायची कमी होणार, असा हिशेब.

कायदेबुवांचं घर धान्यकोठार स्टेशनाला लागून, रेल्वेच्या चाळीत. दोन खोल्या, स्वयंपाकघराची खिडकी थेट रुळांवर. गाडी गेली की फळीवरचे पेले एकमेकांना लागून वाजायचे. बायको डेपोच्या शिवणखात्यात होती, गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायची. कधी प्रवासाला निघाली तर बसण्याआधी सीटवर हात फिरवायची आणि शिवण कुणाची ते सांगायची. "ही त्या लंबूची. दोरा वाचवते मेली," म्हणायची, आणि मगच टेकायची. तिला नवऱ्याची गाडी चाळीच्या खिडकीतून ओळखू यायची. वेळापत्रक तिला त्यांच्याइतकंच पाठ होतं. नवरा कुठवर आला हे बघून ती चुलीवर काय ठेवायचं ते ठरवायची, आणि शेजारणी म्हणायच्या, हिचा नवरा घड्याळात राहतो.

मुलगा एकच. त्याला लहानपणापासून पुढचं टोक हवं होतं. बापाबरोबर मागच्या केबिनमध्ये बसवलं की रुसायचा, इथून काहीच दिसत नाही म्हणायचा. मोठा झाला, परीक्षा दिल्या, ड्रायव्हर झाला. ज्या दिवशी त्यानं पहिली गाडी नेली त्या दिवशी कायदेबुवांनी सुट्टी काढली होती, म्हणजे किती मोठा दिवस असेल बघा. बाप फलाटावर उभा राहिला, गाडी गेली, आणि लेकानं खिडकीतून बघून न बघितल्यासारखं केलं. नियमच तसा होता. कायदेबुवांचा ऊर भरून आला.

वर्षही झालं नव्हतं, आणि पुलाच्या पुढच्या वळणावर ते झालं.

पूल नावाचं स्टेशन सोडलं की लाइन नदीच्या कडेनं वाकते. गाडी वाकली की मागच्या केबिनमधून पुढचा सिग्नल दिसतो. त्या दिवशी योगायोगानं पुढे मुलगा होता आणि मागे बाप. दिवा लाल होता. कायदेबुवांनी बाहेर डोकावून पाहिलं, गाडीचा वेग कमी होईना, म्हणून एक बेल दिली. मुलानं ब्रेक मारला, पण तोवर पहिला डबा दिव्याच्या पलीकडे गेला होता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. समोरची गाडी दूर होती. पण लाल दिवा ओलांडला की चौकशी होते, आणि चौकशीत दोघांची साक्ष लागते.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मुलगा बापासमोर बसला. तो म्हणाला, ऊन डोळ्यांवर होतं, एवढंच म्हणा की दिवा नीट दिसत नव्हता. आईनं पण विनवलं. एका वाक्यानं काय होतंय, म्हणाली, पोराचं आयुष्य आहे. कायदेबुवा काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा दोघांनी सोयीचा अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा कायदेबुवांनी सांगितलं, "दिवा लाल होता आणि स्पष्ट दिसत होता."

मुलाला ड्रायव्हर पदावरून काढून डेपोत टाकलं. गाड्या धुण्याचं काम. जिच्याशी लग्नाची बोलणी चालली होती त्या मुलीच्या घरच्यांनी अंग काढून घेतलं. मुलानं त्याच दिवशी आपली पेटी उचलली आणि लाल लाइनवर कुठेतरी खोली घेतली. जाताना तो बापाला एवढंच म्हणाला, "तुम्ही मला गाडीवरून खाली उतरवलंत. आता तुमच्या-माझ्यात बोलायचं काही राहिलं नाही."

आणि खरंच राहिलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली. आई मात्र बरी हार मानेल. आठवड्यातून एकदा ती डबा घेऊन जंक्शनला जायची. निळ्या आणि लाल लाइनच्या मधल्या पादचारी पुलावर एक बाकडं होतं, तिथे मायलेक बसायचे. ती त्याच्या शर्टाची बटणं बघायची, तो तिला डेपोतल्या गमती सांगायचा. कायदेबुवांना हे ठाऊक होतं. त्यांची गाडी जंक्शनला थांबली की मागच्या केबिनमधून वर बघितलं तर ते बाकडं दिसायचं. दोघं तिथे बसलेली असली की कायदेबुवा दुसरीकडे बघायचे. घरी आल्यावर ती म्हणायची, मैत्रिणीकडे गेले होते, आणि हे म्हणायचे, बरं. खरं बोलण्यासाठी आख्ख्या लाइनवर बदनाम असलेला माणूस घरात आठवड्याला एक खोटं चालवून घेत होता, कारण तेवढ्या एका धाग्यानं पोरगा अजून बांधलेला होता.

पुढे मुलाला पुन्हा ड्रायव्हरची जागा मिळाली. आधी लाल लाइन, मग निळी. पाळ्या लावणारे जुने कारकून समजूतदार होते, त्यांनी बापलेकांना कधी एका गाडीवर घातलं नाही. मग कारकून बदलला. नव्याला कशाचा पत्ता नव्हता. त्यानं सरळ आठवडाभर दोघांना एकाच गाडीवर लावलं.

आणि नेमकी त्याच दिवसांत आई आजारी पडली. छातीत कफ, ताप. तिला दवाखाना स्टेशनाजवळच्या मोठ्या रुग्णालयात ठेवलं. खाट खिडकीशी मिळाली, खाली निळी लाइन. ती खूश. म्हणाली, घरच्यासारखं वाटतंय, फक्त पेले वाजत नाहीत. मुलगा बापाची वेळ चुकवून येऊन जायचा. एकाच गाडीवर असल्याचं कळलं तेव्हा तर तिला अर्धं बरं वाटलं. रोज कायदेबुवा आले की पहिला प्रश्न, बोललात का त्याच्याशी? कायदेबुवा म्हणायचे, बोललो की, मी दोन बेल दिल्या, त्यानं दोन परत दिल्या. ती खोकता खोकता हसायची.

पण त्या आठवड्यात त्यांचं रोज एकदा समोरासमोर येणं ठरलेलंच होतं. शेवटच्या स्टेशनावर गाडीची दिशा बदलते. पुढचं टोक मागचं होतं. म्हणून ड्रायव्हर आपली पिशवी घेऊन फलाटावरून एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि गार्ड उलटा. मधोमध कुठेतरी दोघांची गाठ पडते. रोज पडायची. मुलगा जमिनीकडे बघत जायचा, कायदेबुवा छपराकडे. इतर ड्रायव्हर आणि गार्ड तिथे क्षणभर थांबून तंबाखू मळतात, एकमेकांच्या बायकांची चौकशी करतात. हे दोघं एकमेकांना ओलांडून जायचे.

त्या दिवशी सकाळी आईनं कायदेबुवांचा हात धरला. ताप उतरला होता. डॉक्टर म्हणाले होते, सुधारणा आहे. ती म्हणाली, "आज गाडी संपली की दोघं मिळून या. माझ्या खाटेजवळ दोघं एकदम उभे राहिलेले मला बघायचेत. भांडलात तरी चालेल, पण एकदम या."

कायदेबुवांनी कबूल केलं. वीजघरला फलाटावर मधोमध गाठ पडेल तेव्हा बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. काय बोलायचं ते बंदर सोडल्यापासून जुळवत होते. नुसतं "ऐक" म्हणावं की आधी हाक मारावी, यावरच धान्यकोठार येऊन गेलं.

जुना बाजार स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा स्टेशनबाई धावत शेवटच्या डब्याशी आल्या. त्या स्टेशनाच्या त्या मुख्य होत्या. अंगानं जाड, कधी न धावणाऱ्या. धाप टाकत त्यांनी सांगितलं की रुग्णालयातून फोन आला आहे, बाईंची तब्येत एकदम बिघडली, दोघांनीही लगेच या म्हणाले. मग त्यांनी नियमाप्रमाणे जे विचारायचं ते विचारलं. "जंक्शनला कळवते. बदली ड्रायव्हर आणि गार्ड उभे ठेवतील. तिथून दवाखाना पुढचंच स्टेशन. कळवू ना?"

नियम साधा होता. ड्रायव्हरसाठी वाईट निरोप असेल तर आधी बदली माणूस केबिनमध्ये आणायचा, मग निरोप सांगायचा. मन ठिकाणावर नसलेल्या माणसाच्या हातात गाडी ठेवायची नाही. कायदेबुवांना हा नियम झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता.

पण त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच उभं राहिलं. जंक्शनला कुणीतरी केबिनचं दार ठोठावणार आणि मुलाला म्हणणार, उतर खाली, तुझ्या बापानं बदली मागवली आहे. पुन्हा बापाच्या शब्दावरून तो गाडीवरून उतरणार, चारचौघांत. का उतरवलं ते नंतर कळलं तरी आधीचा तो क्षण व्हायचाच. आज, बोलायचं ठरवलेल्या दिवशी. कायदेबुवांना ते सहन होईना. ते म्हणाले, "नको. मी बघतो. मीच सांगतो त्याला."

स्टेशनबाईंनी मान डोलावली. कायदेबुवा म्हणाले मी बघतो, म्हणजे ते बघणारच. सगळ्या लाइनला हे माहीत होतं.

दारं लागली. त्यांनी दोन बेल दिल्या. पुढून दोन आल्या.

पूल आलं. इथे सांगणं शक्य नव्हतं, पुढे ते वळण होतं. गाडी वाकली, दिवा हिरवा होता, मुलानं वेग नेमका ठेवला होता. कायदेबुवांनी मनाशी ठरवलं, जंक्शनला गाडी जरा जास्त थांबते, तिथे तीन बेल देऊ, फोनवर आपल्या तोंडानं सांगू. बदली माणसं तिथे खोलीत बसलेलीच असतात, हाक मारली की येतील. मग सकाळचं आठवून मनाला समजावू लागले. सुधारणा आहे म्हणाले होते. बिघडली म्हणजे ताप चढला असेल. दवाखान्याचे लोक घाबरवतातच.

जंक्शनवर त्यांनी दारं उघडली आणि बोट बेलच्या बटणावर ठेवलं. फोन हाताशीच होता. वर पुलावरचं बाकडं रिकामं होतं. आता मी तुम्हाला काय सांगू? नियमाचं, गर्दीचं, वेळेचं कारण पुढे करता येईल, कायदेबुवांनी मागाहून स्वतःपाशी केलंही. खरी गोष्ट अशी की इतक्या वर्षांनी पोराला पहिला शब्द बोलायचा, आणि तो हा बोलायचा, याची त्यांना भीती वाटली. फलाट रिकामा झाला, सिग्नल हिरवा झाला, दारं लावली, आणि बोटानं आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. दोन बेल. सगळं ठीक, नीघ.

पुढून दोन बेल आल्या. गाडी निघाली.

दवाखाना स्टेशन आलं. फलाटाच्या वरच रुग्णालयाची इमारत, खिडक्यांच्या रांगा. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्याजवळची तिची. तिथे कुणी दिसतंय का ते खालून कळत नव्हतं. एकटं उतरून धावत सुटावं असं त्यांना वाटलं. पण गाडी गार्डाशिवाय सोडता येत नाही, आणि आता उतरायचं तर सगळं सांगावं लागणार, आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार. वीजघर काही फार लांब नव्हतं. तिथून पहिल्या गाडीनं परत यायचं. तेवढ्यात काय होतंय. असं म्हणत त्यांनी दारं लावली आणि पुन्हा दोन बेल दिल्या, आणि ती इमारत मागे जाताना शेवटपर्यंत बघत राहिले. बघण्याशिवाय त्यांच्या जागेवरून दुसरं काही करता येत नाही.

गिरणी गेलं, टेकडी गेलं. प्रत्येक स्टेशनावर दोन बेल. जो माणूस लेकासाठी एका वाक्याचं खोटं बोलला नव्हता, तो आता स्टेशनागणिक लेकाला सांगत होता की मागे सगळं ठीक आहे.

वीजघरला मुलगा पिशवी घेऊन फलाटावरून येत होता, जमिनीकडे बघत. कायदेबुवा त्याच्या वाटेत उभे राहिले. मुलानं वर पाहिलं.

"दवाखान्यातून निरोप आलाय. आईचं बरं नाही. लगेच बोलावलंय."

मुलाच्या हातातली पिशवी खाली आली. "कधी आला निरोप?"

"आत्ता," कायदेबुवा म्हणाले.

तो शब्द त्यांनी ठरवून उच्चारला नाही. तोंडातून गेला, आणि गेलेला शब्द त्यांना मागे पडताना दिसला, बाकी सगळ्यासारखाच. धरायला गेले असते तर अजून वेळ होती. पण मुलानं त्यांचा दंड पकडला होता आणि तो त्यांना ओढत समोरच्या फलाटाकडे नेत होता, "चला बाबा, चला," म्हणत. बाबा. किती वर्षांनी. त्या हाकेपुढे कायदेबुवांचं तोंड मिटलं ते मिटलंच.

आपली गाडी वीजघरच्या बदली माणसांवर सोपवून परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसले, साध्या उतारूंसारखे. मुलानं बापाचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. टेकडी, गिरणी. प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबली की तो उठून दाराशी जाई आणि पुन्हा येऊन बसे. एकदा म्हणाला, हा गार्ड दारं लावायला फार वेळ घेतो. मग बापाकडे बघून ओशाळला. कायदेबुवांनी काही ऐकलं नव्हतं.

ते पोचले तेव्हा खाटेवरची चादर चेहऱ्यावर ओढलेली होती. नर्स वयानं मोठी होती, अशा प्रसंगांना सरावलेली. ती म्हणाली, शेवटपर्यंत शुद्धीत होत्या. सारखं विचारत होत्या, गाडी कुठवर आली. मग खाली एक गाडी येऊन उभी राहिली तेव्हा घड्याळाकडे बघून म्हणाल्या, ही त्यांचीच. आता येतील दोघं. उशी उंच करा, केस नीट करा म्हणाल्या. मी केले. गाडी गेली, तरी दाराकडेच बघत होत्या.

मुलानं आईच्या पायांवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. मग उठून बापाच्या गळ्यात पडला. म्हणाला, "आपण हिच्या खिडकीखालून गेलो, बाबा. दोघंही. आणि आपल्याला माहीतच नव्हतं."

कायदेबुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढंच त्यांना जमलं. आपल्याला, असं पोरगा म्हणाला होता.

शेवटच्या निरोपाला सगळी निळी लाइन लोटली. शिवणखात्यातल्या बायका ओक्साबोक्शी रडल्या, त्यात ती लंबूपण होती. स्टेशनबाईही आल्या. त्या मुलाशी बोलत उभ्या आहेत हे कायदेबुवांनी लांबून पाहिलं. मुलानं नुसते हात जोडले आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. जाताना बाई कायदेबुवांजवळ थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. "मी त्याला काही बोलले नाही," त्या हळूच म्हणाल्या. "बोलायचं ते तुम्ही बोला."

मुलगा पेटी घेऊन घरी परत आला. आईची इच्छा होती, म्हणाला. त्यानं बाजार आणला, गळकी तोटी बदलली, खिडकीला तेल दिलं. बाप रात्री दचकून उठतो म्हणून आपलं अंथरूण बापाच्या खाटेशेजारी घातलं. चाळीतले लोक म्हणायला लागले, बाई गेली, पण जाताना घर जोडून गेली. कायदेबुवा रोज ठरवत, आज सांगायचं. सकाळी तो कामावर जायच्या घाईत असे. संध्याकाळी थकून आलेला असे. आणि तो "बाबा" म्हणून हाक मारी, दारातूनच, चपला काढता काढता. घरात दुसरं माणूस उरलेलं नव्हतं. खरं सांगितलं की हाही जाणार, हे कायदेबुवांना सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. एकदा खरं बोलून त्याला घालवला होता. आता तो खोट्यावर परत आला होता.

अशाच एका संध्याकाळी दोघं जेवायला बसले. स्वयंपाक कायदेबुवांनीच केला होता, जमेल तसा. खाली गाडी गेली, पेले वाजले. मुलानं घास हातातच ठेवला आणि ताटाकडे बघत बोलू लागला.

"त्या दिवशी दिवा लाल होता, बाबा. आणि मला दिसला होता. जाईन म्हटलं, थांबलो नाही. ऊनबीन काही नव्हतं. तुम्ही खरं तेच सांगितलंत आणि मी तुम्हाला इतकी वर्षं शिक्षा केली. आईला पुलावर बसवून ठेवलं." मग तो म्हणाला, "परवा कुणीतरी विचारलं, तुझ्या बापाला आधी कळलं असेल का रे? मी त्याला झापलं. म्हटलं, माझ्या बापाला कळलं असतं तर त्यानं पहिल्या स्टेशनावर सांगितलं असतं. तो पोटच्या पोरासाठी खोटं बोलला नाही. जगात एक तरी माणूस असा आहे ज्याचं मी डोळे मिटून खरं मानतो."

कायदेबुवांनी तोंड उघडलं. सगळे शब्द आत रांगेनं उभे होते, जुना बाजार, पूल, जंक्शन, दवाखाना. मुलगा त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आईचं सगळं होतं.

"गार होतंय," कायदेबुवा म्हणाले. "जेव."

मुलगा जेवला. कितीतरी वर्षांनी बापासमोर बसून, मागून घेऊन पोटभर जेवला, आणि बापाला एक घास गिळवला नाही.